दिवेआगर ते हर्णै दोन दिवसांत: गाडी काढण्याआधी तिथी बघा

कोकणात वीकेंडला यायचं ठरलं की सगळ्यांचे प्रश्न ठरलेले असतात, किती किलोमीटर आहे, किती तास लागतील, रूमला एसी आहे का. भरती कधी आहे हे मात्र शंभरात एखादाच विचारतो. आणि खरं सांगायचं तर किनाऱ्यावरची ट्रिप छान होणार की नुसती धावपळ होणार हे तिथेच ठरतं, कारण बीच किती मोकळा मिळणार, हरिहरेश्वरच्या देवळामागची, समुद्राकाठच्या खडकांवरची प्रदक्षिणा होणार की नाही, पोरांना पाण्यात कधी सोडायचं हे सगळं समुद्र ठरवतो, आपलं बुकिंग नाही.

म्हणून हा लेख थोडा सविस्तर लिहितोय. रूट घेतलाय दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून वेळास, केळशी, आंजर्ले आणि हर्णै. मुंबई आणि पुणे दोन्हीकडून शनिवार-रविवारमध्ये आरामात बसतो, फक्त मध्ये आणखी चार ठिकाणं कोंबायची नाहीत. मुरुड-जंजिरा, रायगड, गणपतीपुळे हे याच दोन दिवसांत घुसवणारे लोक बघितलेत, ते सगळा वेळ गाडीत असतात आणि घरी जाऊन म्हणतात कोकणात रस्ते खराब आहेत.

आधी तिथीचं गणित

कोळीवाड्यात आणि किनाऱ्यावरच्या गावात जुन्या लोकांना अॅप लागत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, भरती दुपारी तीनच्या आसपास आणि पहाटे तीनच्या आसपास. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावस्या असेल तर पंधरा धरायचे, पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतंच, पण ट्रिप प्लॅन करायला पुरेसं आहे. तिथे पोचल्यावर गावातल्या कोणालाही विचारून पक्कं करा.

दुसरी गोष्ट म्हणजे उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावस्येच्या आजूबाजूला उधाणाची भरती असते, पाणी खूप वर चढतं आणि ओहोटीला तेवढंच लांब जातं. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी फार वर येत नाही आणि फार आतही जात नाही.

आता याचा उपयोग काय? समजा तुमचा शनिवार चतुर्दशी किंवा पौर्णिमेला येतोय. भरती अकराच्या आसपास, ओहोटी संध्याकाळी पाचला. म्हणजे दुपारी श्रीवर्धनला जेवून चारपर्यंत हरिहरेश्वरला पोचलात तर खडकावरची प्रदक्षिणा उतरत्या पाण्यात आणि उतरत्या उन्हात होते, माझ्या मते यापेक्षा चांगली वेळ नाही. तेच शनिवार षष्ठीला असेल तर भरती साडेचारला आहे, संध्याकाळी प्रदक्षिणेचं नाव काढू नका, ती रविवारी सकाळी दहा-अकराला ठेवा आणि मग फेरीबोट पकडा. ट्रिप तीच, ठिकाणं तीच, फक्त क्रम बदलला.

कधी यायचं, कधी नाही

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. मार्चपासून उकाडा वाढतो पण एप्रिल-मेमध्ये आंबा-फणस-काजू असतो त्यामुळे त्याचीही मजा आहे, फक्त दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका. पावसाळ्यात हिरवंगार दिसतं हे खरं, पण समुद्र खवळलेला असतो, पाण्यात उतरायचा प्रश्नच नाही, आणि हवामान बिघडलं की फेरीबोट बंद ठेवतात, त्यामुळे त्या दिवसांत रोडने परतायचा पर्याय डोक्यात ठेवूनच निघा. शिवाय 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते, ताजी मासळी खायला यायचं असेल तर ते दोन महिने सोडा.

गणपती आणि शिमगा हे आमचे सण आहेत, तेव्हा घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात, होमस्टेवाल्यांच्याच घरी वीस-पंचवीस माणसं जेवायला असतात. त्या आठवड्यात रूम मागू नका, मिळाली तरी घरच्यांची ओढाताण होते. शिमग्यात गावाची पालखी रस्त्यावर असेल तर गाडी बाजूला घेऊन थांबा, हॉर्न वाजवू नका, उतरून दर्शन घ्या, कोणीतरी नारळाचा प्रसाद हातावर ठेवेलच. 31 डिसेंबर आणि दिवाळीची सुट्टी टाळता आली तर टाळा, गर्दीत दिवेआगर बघण्यात काही अर्थ नाही.

स्टेप 1: बुकिंग करताना जेवणाचं आधी बोला

मोठं रिसॉर्ट घेणार असाल तर हा भाग सोडून द्या. पण माझं मत विचाराल तर या पट्ट्यात घरगुती राहण्याजेवणाची सोयच घ्यावी, तीच इथली खरी चीज आहे. इथे जेवण ताटांच्या हिशोबाने होतं. म्हणजे किती माणसं, किती व्हेज, किती मासे खाणारे, पोचणार किती वाजता, हे आदल्या दिवशी किंवा निदान सकाळी फोन करून सांगायचं. दुपारी दीडला अचानक आठ जण दारात उभे राहिले तर घरातली बाई कुठून वाढणार? उकडीचे मोदक तर आधी सांगितल्याशिवाय मिळत नाहीत, पिठाची उकड काढण्यापासून सगळं हाताने असतं.

काही घरी फक्त शाकाहारी जेवण असतं, वेळास आणि आंजर्ल्याला असं बरंच आहे, तिथे मासे मागू नका, तिथली डाळिंब्यांची उसळ, आमटी-भात, आंबोळी आणि सोलकढी खा. मासेवाल्यांनी फोनवरच विचारून घ्यावं, कुठली मासळी आलीय आणि ताटाचा रेट काय. सुरमई-पापलेटच्या मागे सगळेच लागतात, पण जे त्या दिवशी बंदरावर आलंय ते खाल्लं तर स्वस्तही पडतं आणि ताजंही मिळतं. बांगडा, मांदेली, कोळंबी यांना कमी लेखू नका.

मुक्काम कुठे? एका रात्रीसाठी हरिहरेश्वर किंवा श्रीवर्धन सोयीचं, कारण दुसऱ्या दिवशी बागमांडल्याची जेट्टी जवळ पडते. दोन रात्री असतील तर पहिली दिवेआगरला, दुसरी आंजर्ले किंवा मुरुडला, हा मुरुड दापोलीजवळचा, जंजिऱ्याचा नव्हे, मॅपमध्ये टाकताना नीट बघा, लोक चुकीच्या जिल्ह्यात जाऊन पोचलेत.

स्टेप 2: निघायचं कधी आणि कुठून

शनिवारी पहाटे पाच. सहा नाही, सात तर नाहीच. पुण्याहून चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट उतरून विळे, निजामपूर, माणगाव. ताम्हिणीत सकाळी धुकं असतं, घाटात फोटोला थांबायचं असेल तर मोकळ्या जागेत गाडी पूर्ण रस्त्याच्या बाहेर घ्या, वळणावर उभी करू नका. मुंबईहून पनवेल, पेण, वडखळ, कोलाड, इंदापूर करत माणगाव. माणगावहून दोघांचा रस्ता एकच, मोर्बा, साई, म्हसळा, आणि म्हसळ्याहून बोर्ली पंचतनमार्गे दिवेआगर.

मुंबईकरांना अजून एक पर्याय आहे, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, गाडीसकट. मग अलिबाग, रेवदंडा, जंजिऱ्याचा मुरुड, आगरदांडा आणि तिथून पुन्हा फेरीबोटीने दिघी. सुंदर आहे पण वेळ जातो, तीन दिवस असतील तरच करा.

म्हसळ्याला पोचलात की टाकी फुल करून घ्या. पुढे किनाऱ्याच्या रस्त्यावर पंप शोधत बसायची वेळ यायला नको, मग थेट श्रीवर्धन आणि त्यानंतर खाडीपलीकडे मंडणगड-दापोलीच्या बाजूलाच भरवशाचे पंप. ईव्हीवाल्यांनी माणगाव सोडताना बॅटरीचा हिशोब करावा आणि मुक्कामाच्या घरी चार्जिंगला पॉइंट देतील का हे बुकिंगलाच विचारावं. कॅश ठेवा, यूपीआय सगळे घेतात पण नेटवर्क गेलं की कोणाचंच चालत नाही, आणि नेटवर्क जातंच. मॅप ऑफलाइन डाउनलोड करा. आणि मॅपने शॉर्टकट दाखवला तरी एसटी ज्या रस्त्याने जाते तोच पकडा, नाहीतर कोणाच्या तरी वाडीत, आंब्याच्या बागेत जाऊन रस्ता संपतो.

स्टेप 3: दिवेआगर

गावात शिरल्यावर आधी गाडी लावा आणि चाला. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून अरुंद रस्ता, त्यात दोन गाड्या समोरासमोर आल्या की दहा मिनिटं गेली. 1997 मध्ये इथल्या एका वाडीत खोदताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला आणि हे गाव सगळीकडे माहीत झालं. 2012 मध्ये दरोडा पडला, मंदिरावर पहारा देणारी दोन माणसं त्यात जिवानिशी गेली, मुखवटा चोरांनी वितळवला. मिळालेल्या सोन्यातून पुन्हा घडवून 2021 मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. दर्शनाला जाल तेव्हा त्या दोघांची आठवण ठेवा. रूपनारायण मंदिरातली विष्णूची जुनी शिल्पमूर्ती मात्र बहुतेक लोक न बघताच जातात, अगदी जवळ आहे, प्रभावळीवर दशावतार कोरलेत ते एकेक करून ओळखा, मुलं सोबत असतील तर त्यांना हे काम द्या.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा या वाड्या अक्षरशः आडव्या झाल्या होत्या. पोफळीचं झाड लावलं की उत्पन्नाला पाच-सहा वर्षं सहज जातात, म्हणजे एका दुपारी लोकांची कित्येक वर्षांची कमाई गेली. अजून काही वाड्यांत मोकळे पट्टे दिसतात. त्यामुळे इथून काही न्यायचं असेल तर हायवेवरच्या दुकानातून न घेता वाडीवाल्याकडून घ्या, श्रीवर्धनी रोठा सुपारी, नारळ, कोकम, आगळ.

बीचवर गाडी नेऊ नका. हे जरा कडक सांगतो कारण दर सीझनला तेच. वाळू वरून घट्ट दिसते, चाक थांबलं की रुततं, तुम्ही रेस देता तसं अजून खाली जातं, आणि भरतीचं पाणी यायला लागलं की हातात वेळ राहत नाही. मग ट्रॅक्टर शोधा, दोर शोधा. गाडी निघाली तरी खारं पाणी खाली पत्र्यात शिरलेलं असतं, वर्षभरात गंज. पोलीसही कारवाई करतात. आणि या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात, वाळूखाली घरटं कुठे आहे ते वरून दिसत नाही, टायर त्यावरून गेला की संपलं.

पोहायचं असेल तर भरती चढत असताना, गुडघा-कंबरभर पाण्यात, आणि खाडी जिथे समुद्राला मिळते त्या टोकापासून लांब. ओहोटीला पाणी आत ओढून नेतं, तेव्हा पोरांना फक्त काठावर. गावातला माणूस नको म्हणाला तर नको, तो तुमची मजा घालवायला सांगत नसतो.

स्टेप 4: शेखाडीचा रस्ता, ट्रिपचा सगळ्यात सुंदर भाग

दिवेआगरहून श्रीवर्धनला दोन रस्ते आहेत, एक आतून आणि एक समुद्राकाठाने भरडखोल, शेखाडी, कोंडिवली, आरावी करत. काठाचाच घ्यायचा. वीस-पंचवीस किलोमीटर असेल, पण दीड-दोन तास द्या. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली काळे खडक आणि त्यावर फुटणारं पाणी, आणि मध्येच एखादा वळणाचा चढ चढून वर आलात की पुढच्या दोन-तीन खाचा आणि त्यातली पांढरी वाळू एकदम समोर येते.

काही गोष्टी लक्षात ठेवा. आपण उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो तेव्हा समुद्र उजवीकडे असतो, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला, आणि आपण डावीकडून चालवतो म्हणून मध्ये समोरून येणाऱ्यांची लेन असते. फोटोसाठी पटकन उजवीकडे गाडी घुसवणं इथे धोक्याचं, वळणामागून एसटी येते. थोडं पुढे जाऊन रुंद जागा बघा, तिथे लावा आणि चालत मागे या. ज्यांना बसल्या बसल्या समुद्र हवाय त्यांनी उजवीकडच्या मागच्या सीटवर बसावं. दुसरं म्हणजे ऊन. सकाळी सूर्य डोंगराकडून येतो त्यामुळे पाण्याचा निळा-हिरवा रंग खरा दिसतो, दुपारी तीननंतर समोर नुसती चकाकी असते, फोटोही पांढरट येतात. म्हणून हा रस्ता अकराच्या आत किंवा मग सूर्य बुडताना एके जागी थांबून.

अरुंद भागात नियम सोपा, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, आंधळ्या वळणावर एक हॉर्न द्या, आणि एसटी दिसली की तुम्ही थांबा, ड्रायव्हरला रोजचा रस्ता आहे, तो इंचाइंचाने काढतो. भरडखोलला कोळीवाड्यात रस्त्याच्या कडेला सुकत घातलेली मासळी असते, त्यावरून चाक घालू नका, ती कोणाची तरी पावसाळ्याची बेगमी आहे. रात्री हा रस्ता करू नका. दिवे नाहीत, कठडे सगळीकडे नाहीत, गुरं बसलेली असतात, आणि काही दिसत नाही तर त्या रस्त्याने जायचं कशाला?

श्रीवर्धनला दुपारचं जेवण. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ इथले, त्यांच्या घराच्या जागी स्मारक आहे, पाऊण तासात बघून होतं. लक्ष्मीनारायण मंदिर छोटं आहे पण शांत आहे. जीवना बंदरावर दुपारी फारसं काही नसतं, संध्याकाळी होड्या परततात तेव्हा जा.

स्टेप 5: हरिहरेश्वर आणि ती प्रदक्षिणा

देवळात दर्शनाचा क्रम आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, असा मानतात. त्यानंतर देवळाच्या मागून डोंगरावर पायऱ्या चढायच्या आणि दोन कड्यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून खाली समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्या घ्यायच्या. त्या फटीतून खाली उतरताना समोर फक्त पाणी दिसतं आणि खालून गार वारा येतो, पहिल्यांदा येणारा माणूस तिथे एक मिनिट थांबतोच. खाली उतरलं की उजवीकडे कड्याच्या पायथ्याने खडकांवरून चालत देवळाच्या बाजूला परत यायचं. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने कडा असा कोरला गेलाय की मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते, हात लावून बघा.

आता ऐका. हा मार्ग फक्त ओहोटीचा आहे. पूर्ण ओहोटीच्या आधी दीड तास ते नंतर एक तास, एवढीच सुरक्षित खिडकी धरा. उधाणाच्या दिवसांत पाणी चढायला लागलं की भराभर चढतं आणि कड्याच्या बाजूने वर पळायला जागा नाही. इथे माणसं वाहून गेलीत, बोर्ड लावलेत, तरी लोक सेल्फीसाठी त्या शेवटच्या खडकावर जाऊन पाठ समुद्राकडे करतात. समुद्राकडे पाठ करायची नाही, कधीच नाही. मोठी लाट कधीही अचानक येते. चप्पल ग्रिपवाली घाला, शेवाळलेला हिरवा खडक टाळा, कोरड्या काळ्या खडकावर पाय ठेवा. गुडघेदुखीवाल्यांनी आणि तान्ह्या बाळांनी देवळाजवळच्या किनाऱ्यावर बसावं, तिथूनही सूर्यास्त छान दिसतो. पावसाळ्यात प्रदक्षिणा पूर्ण विसरा.

स्टेप 6: बागमांडला ते वेश्वी, फेरीबोट

हरिहरेश्वरहून बागमांडला अगदी जवळ. इथे सावित्री नदी समुद्राला मिळते, अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. फेरीबोट नसती तर हा वळसा महाड-आंबेत बाजूने घ्यावा लागला असता, दोन-अडीच तास सहज. सकाळपासून रात्रीपर्यंत ठराविक वेळाने फेऱ्या असतात, सीझनप्रमाणे वेळा बदलतात, म्हणून शेवटची फेरी कधी हे आदल्या रात्री होमस्टेवाल्याकडून विचारून घ्या. रविवारी दुपारनंतर दोन्ही बाजूंना रांग लागते, तुम्ही सकाळी जाणार असाल तर त्रास नाही.

जेट्टीवर पोचल्यावर एक जण तिकीट काढायला उतरा, गाडीचं वेगळं, माणसांचं वेगळं. गाडीत फक्त ड्रायव्हर ठेवा, बाकीचे चालत चढा. ओहोटी असेल तर उताराचा खालचा भाग ओला आणि शेवाळलेला असतो आणि बोटीची फळी जास्त तिरकी होते, ज्यांची गाडी खाली आहे त्यांनी सावकाश, थोडं तिरपं घेऊन चढवा म्हणजे बंपर घासणार नाही. बोटीवरचा माणूस हात दाखवेल तसंच करा, तो तुमची गाडी दुसरीला चार बोटांवर नेऊन लावतो. हँडब्रेक, गिअरमध्ये ठेवा, आरसे मिटवा, आणि वर जाऊन उभे राहा. पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. पश्चिमेला खाडीचं तोंड दिसतं आणि डावीकडे टेकाडावर बाणकोटचा किल्ला.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल व्हायचेत. पूल झाले की वेळ वाचेल आणि गावच्या माणसाला दवाखान्यात जायला तर ते हवेतच. पण जोवर बोट आहे तोवर मुलांना घेऊन एकदा या मार्गाने याच.

स्टेप 7: वेळास, केळशी, आंजर्ले

बाणकोट किल्ला अर्ध्या तासात होतो, तटावरून आपण आत्ता ओलांडलेली खाडी पूर्ण दिसते. खाली वेळास, नाना फडणवीसांचं गाव. फेब्रुवारी अखेर ते एप्रिलच्या दरम्यान आलात तर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघता येतात, सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पिल्लं रोज निघतीलच असं नाही, ती अंड्यांची गोष्ट आहे, म्हणून निघण्याआधी गावात फोन करा आणि शक्य असेल तर तिथेच रात्रभर राहा. फ्लॅश मारू नका, दोरीच्या आत जाऊ नका, पिल्लाला हात लावून 'मदत' करू नका, वाळूवरून स्वतः चालत जाणं त्याच्यासाठी गरजेचं आहे.

वेळासहून केळशी मॅपवर हाताच्या अंतरावर वाटते, मध्ये भारजा नदीची खाडी आहे, मांदिवलीकडून फिरून येताना एक तास धरा. केळशीला महालक्ष्मीचं देऊळ, आणि किनाऱ्याकडे वाळूची मोठी टेकडी. तिथून पुढे आडे, पाडले, आंजर्ले हा रस्ता शेखाडीच्या तोडीचा आहे आणि गर्दी निम्मीही नाही. आड्याला भार्गवरामाचं देऊळ आहे, पाच मिनिटं थांबा. पाडल्याचा बीच रस्त्याला लागूनच, चहाचा थर्मास सोबत असेल तर इथे काढा.

आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती, उजव्या सोंडेचा, गाडी थेट वर जाते त्यामुळे आजी-आजोबांनाही सोपं. देवळामागून खाली नारळाच्या शेंड्यांवरून समुद्र आणि लांब सुवर्णदुर्ग दिसतो.

स्टेप 8: हर्णै बंदर आणि मासळी

आंजर्ल्याहून खाडीवरचा पूल ओलांडून हर्णै. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठा लष्करी किल्ल्यांमधला एक. किनाऱ्यावरून होडीने नेतात, पण समुद्र शांत असेल आणि लाइफ जॅकेट देत असतील तरच बसा. वेळ नसेल तर कनकदुर्गाच्या टेकाडावरून बघा, दीपगृह तिथेच आहे.

हर्णैचा लिलाव मात्र चुकवू नका. दुपारी चारनंतर होड्या लागायला लागतात, मासळी किनाऱ्यावर आणतात आणि वाळूवरच बोली सुरू होते. मोठ्या टोपल्यांची बोली व्यापाऱ्यांसाठी, आपण मध्ये बोलायचं नाही, शेजारी कोळणी वाटे लावून बसलेल्या असतात त्यांच्याकडून घ्यायचं. कल्ले उचलून बघा, लालभडक हवेत. डोळा फुगीर आणि चमकदार, आत बसलेला नको. बोटाने दाबल्यावर मांस वर यायला हवं. भाव करा पण अर्ध्यावर आणायचा हट्ट धरू नका, पहाटेपासून राबलेली माणसं आहेत. साफ करून देणाऱ्या बायका तिथेच असतात, त्यांची मजुरी वेगळी. लांब न्यायची असेल तर थर्माकोलचा डबा आणि बर्फ तिथेच मिळतो, पण मासा न धुता, पाणी निथळून, बर्फाच्या दोन थरांमध्ये ठेवा, वितळलेल्या पाण्यात तरंगत ठेवलात तर घरी पोचेपर्यंत मऊ पडतो.

लिलाव बघायचा तर रविवारी परतायला रात्र होणार हे धरून चला, किंवा सोमवारची सुट्टी टाका. सुट्टी मिळाली तर सोमवारी सकाळी आसूदला केशवराजाच्या देवळात जा, पोफळीच्या बागेतून, ओढ्यावरच्या साकवावरून आणि मग चढावर पायऱ्यांनी, वीसेक मिनिटांची चाल. देवळाजवळ बारमाही पाण्याची धार गोमुखातून पडते.

परतीचं

हर्णै, दापोली, खेड, भरणे नाका, आणि तिथून हायवे. कशेडीला आता बोगदा आहे त्यामुळे घाटाचा वेळ वाचतो. खरी अडचण रविवारी संध्याकाळी माणगाव आणि इंदापूरला, पाच ते नऊ तिथे गाड्या तुंबलेल्या असतात. दोनच मार्ग आहेत, दापोलीहून दुपारी बाराच्या आत निघा म्हणजे चारपर्यंत माणगाव पार, नाहीतर दापोलीला किंवा महाडला निवांत जेवा आणि माणगाव साडेनऊनंतर गाठा. पुणेकरांनी दुसऱ्या पर्यायात ताम्हिणी रात्री करायचा की नाही ते ड्रायव्हर किती थकलाय ते बघून ठरवावं, दोन जण चालवणारे नसतील तर महाडला मुक्काम करून पहाटे निघणं बरं. महाड-भोर रस्त्यावरचा वरंध घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो, तो धरून प्लॅन करू नका.

कचऱ्याची पिशवी गाडीत ठेवलेली असेल ती तुमच्या शहरातच रिकामी करा, इथल्या ग्रामपंचायतींकडे तेवढा कचरा उचलायची यंत्रणा नाही. आणि सोमवारी गाडी धुताना वरून चमकवण्यापेक्षा खालून, चाकांच्या कमानीत आणि सायलेन्सरच्या बाजूने गोड्या पाण्याचा प्रेशर मारून घ्या, बीचवर नेली नसेल तरी. दोन दिवस खाऱ्या वाऱ्यात आणि जेट्टीच्या पाण्यात फिरलेली असते.